भव्य स्पर्धा पुरे, आम्हाला थंडीभर खेळायचंय : गावमंडळांना खुलं पत्र

प्रति,
दापोली तालुक्यातली सर्व गावमंडळं, त्यांची मुंबई मंडळं आणि बॅनरवर 'भव्य' हा शब्द छापणारे सर्व आयोजक,

स.न.वि.वि.

आधी ओळख देते. तिठ्यावर एसटीच्या थांब्यासमोर झेरॉक्सचं दुकान आहे, ते माझं. तुमच्यापैकी बहुतेकांची पावतीपुस्तकं, हळदीकुंकवाची निमंत्रणं आणि क्रिकेट चषकांचे बॅनर माझ्याच कॉम्प्युटरवरून गेलेत. वर्षातून 'भव्य' किती वेळा टाइप होतं, ते माझ्या बोटांना विचारा. 'भव्य खुली बुद्धिबळ स्पर्धा' हेसुद्धा मीच टाइप केलं, लाल अक्षरात, पिवळ्या कडेसकट. पैसे वेळेवर मिळाले, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते त्या दिवसाबद्दल.

२०२५ च्या मे महिन्यातला रविवार. मंडळाचं नाव घेत नाही, कारण या जागी दुसरं कुठलंही मंडळ असतं तरी फारसा फरक पडला नसता. आमच्या वाडीतली सात मुलं घेऊन, दोन रिक्षा करून, मी सकाळी आठला मंडपात हजर. बॅनरवर 'ठीक ९ वाजता'. मान्यवर आले सव्वाअकराला. मग दीपप्रज्वलन. समुद्राकडून वारा, समई काही पेटेना, शेवटी पेटली असं धरून टाळ्या वाजवल्या. मग शाल-श्रीफळ, आणि प्रत्येक शालीमागे एक भाषण. एका मान्यवरांनी पहिल्या पटावर बसून फोटोपुरती पहिली चाल केली : प्यादं तीन घरं पुढे. त्यालाही टाळ्या. या सगळ्यात सात फेऱ्यांच्या पाच झाल्या.

आमच्यातली सातवीतली एक मुलगी, तिला इथे छोटी म्हणते. स्पर्धा स्विस पद्धतीची, म्हणजे हरलं तरी कोणी बाद होत नाही, सगळे पुढच्या फेऱ्या खेळतात. त्यात पहिल्या फेरीला यादीतला वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागाशी खेळतो, म्हणजे नवख्याच्या समोर हमखास कोणीतरी रेटिंगवालाच येतो. छोटी बावीस चालींत आटोपली. दुसऱ्या फेरीत तिचं बोट हत्तीला लागलं, समोरच्याने हात वर केला, पंचांनी टच मूव्ह लावला. पंचांचं बरोबरच होतं. मोहऱ्याला हात लावला की तेच हलवायचं. पण हा नियम तिला तोवर मी सांगितला नव्हता आणि तुम्हीही सांगितला नव्हता, भाषणांच्या गडबडीत तो राहून गेला. तिसऱ्या फेरीला खेळाडू विषम झाले, सर्वांत तळाला ती, म्हणून तिला बाय, म्हणजे समोर कोणीच नाही. एक गुण फुकट. तो गुण घेऊन ती मंडपाच्या खांबाला टेकून वडापाव खात बसली.

संध्याकाळी पहिली पाच बक्षिसं घाटावरून आलेल्या मुलांनी नेली. त्यात त्यांची काही चूक नाही. ती मुलं दर शनिवार-रविवार अशीच फिरतात आणि खेळतात झकास. त्यांना एसटीत बसवून तुम्ही मंडप सोडवायला घेतलात. आम्ही रिक्षात बसलो. छोटीने विचारलं, "आता परत कधी?" मी म्हटलं, "पुढच्या मे महिन्यात." ती खाडीकडे बघत बसली.

या पत्रात मला एवढंच सांगायचंय की बारा महिन्यांतून एक दिवस खेळून कोणी बुद्धिबळ शिकत नाही. तुम्ही जो पैसा, मंडप आणि उत्साह त्या एका रविवारात ओतता, तो पसरून गावागावांच्या संघांची लीग भरवा. भातकापणी आटोपली की सुरू, शिमग्याआधी संपली. आणि गणपतीत तिठ्यातिठ्यावर एकेक कोडं लावा. हे मी वाऱ्यावर बोलत नाही. दोन्ही आम्ही करून पाहिलंय, आमच्या ऐपतीप्रमाणे, आणि कुठे फसलो तेही सांगणार आहे.

आमच्याकडे बुद्धिबळ आलं वादळातून. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. त्यानंतर वीज नाही, फोनला रेंज नाही, पोफळी आडव्या झालेल्या, वरून टाळेबंदी, आणि मुंबईहून आलेले सगळे चाकरमानी घरात. कौलं शोधायला माळ्यावर चढले तेव्हा सासऱ्यांचा लाकडी पट सापडला. आमचे सासरे, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, देशी पद्धतीने खेळतात. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, नाही. त्याऐवजी शह बसण्याआधी राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी. आणि प्यादं पलीकडच्या टोकाला पोहोचलं की ज्या घरात पोहोचलं त्या घराचं मोहरं होतं. हत्तीच्या घरात गेलं तर हत्ती, उंटाच्या घरात गेलं तर उंट. मी माहेरी भावाकडून शिकले ते आंतरराष्ट्रीय नियमांनी, त्यात पोहोचलेल्या प्याद्याचं वजीर, हत्ती, उंट, घोडा यांतलं हवं ते करता येतं. तेव्हा कंदिलाच्या उजेडात सासरा आणि सून नियमांवरून भांडतायत आणि नवरा मध्ये बसून डास मारतोय, असे ते दिवस गेले. वीज आली तोवर वाडीतली नऊ-दहा मुलं ओटीवर रोज बसायला लागली होती. ती काही उठली नाहीत.

आता कोड्याकडे येते, कारण माझा जीव त्यात आहे.

युरोपात नाताळाच्या सुट्टीत बुद्धिबळाची मजाच वेगळी असते. इंग्लंडमध्ये हेस्टिंग्जला नाताळातली स्पर्धा १९२० पासून चालत आलीय. वर्तमानपत्रांतल्या सदरांत सणाची खास कोडी येतात, जरा चावट. कधी दोघांनी मिळूनमिसळून मात घडवायची, कधी पट बघून शेवटची चाल कोणती झाली असेल ते ओळखायचं. जेवून सुस्तावलेल्या माणसाने कोचावर पडल्या पडल्या सोडवावीत अशी. आपल्याकडे तसा निवांतपणा गणपतीत कुठला, पण गर्दी आहे. एसटीची वाट बघणारी माणसं आहेत, आरतीहून परतणारी आहेत, भजनाला निघालेली आहेत. म्हणून गेल्या गणपतीत मी दुकानाच्या शटरवर प्लायवूडचा पट टांगला, मोहरी पुठ्ठ्याची, मागे खिळे, आणि खाली फरसाणाची रिकामी बरणी, उत्तराच्या चिठ्ठ्यांसाठी.

पहिल्या दिवशी मी शहाणपणा करायला गेले आणि सहा चालींचं कोडं लावलं. लोक थांबले, बघितलं, "छान आहे हो" म्हणाले आणि गेले. बरणीत एक चिठ्ठी नाही. दुसऱ्या दिवशी तेच कोडं शेवटच्या वळणावर आणून लावलं. घरांची नावं अशी : पांढऱ्याच्या बाजूने बघितलं तर उभ्या रांगा डावीकडून ए ते एच, आडव्या खालून एक ते आठ. पटावर चारच मोहरी : पांढरा राजा सी२ वर, पांढरं प्यादं सी७ वर, काळा राजा ए१ च्या कोपऱ्यात आणि काळा हत्ती डी४ वर. पांढऱ्याची चाल. प्यादं सी८ ला जाणार हे शेंबड्या पोरालाही दिसतं. खाली लिहिलं : "प्यादं पोहोचलं. आता त्याचं काय कराल?"

एकोणतीस चिठ्ठ्या आल्या. सव्वीस जणांनी लिहिलं, वजीर. दोन कोऱ्या होत्या, त्यातल्या एकीच्या मागे कोणीतरी रिक्षाचा हिशेब मांडलेला. आणि एक चिठ्ठी होती, आरतीच्या पुस्तकाचा फाटका कोपरा, त्यावर तुपाचा डाग आणि पेन्सिलीने दोन ओळी : "हत्ती कर. वजीर केलास तर तो त्याचा हत्ती फुकट देईल, घेतलास की डाव कोंडला."

अगदी बरोबर. वजीर केला तर काळा हत्ती सी४ वर येऊन शह देतो. वजिराने तो मारला की कोपऱ्यातल्या काळ्या राजाला शह नाही, पण हलायला घरही नाही. स्टेलमेट, डाव बरोबरीत. हत्ती केला तर मात्र तो ए८ वर जाऊन मात करणार. ती चुकवायला काळ्याला आपला हत्ती ए४ वर मध्ये आणावा लागतो. मग पांढरा राजा नुसता बी३ ला सरकतो. तिथून तो काळ्या हत्तीवर उभा आणि तिकडे सी१ वर मातही तयार. एका चालीत दोन्ही धमक्या, काळ्याने कुठे कुठे बघायचं!

चिठ्ठी कोणाची हे शोधायला मला दोन दिवस लागले. खालच्या आळीतल्या काकी निघाल्या, वय साठीच्या पुढे. मुलाने कोड्याचा फोटो काढून घरी दाखवला आणि त्यांनी मोदकांची उकड काढता काढता उत्तर सांगितलं. लग्नाआधी भावाशी खेळायच्या. त्यानंतर पटाला हात नाही. "घरात पट होता का?" विचारलं तर म्हणाल्या, "पट कशाला लागतो गो? डोळे मिटले की दिसतो." ही बाई तुमच्या भव्य स्पर्धेला येईल असं वाटतं तुम्हाला? तिला निमंत्रण गेलं असतं ते 'मान्यवरांसाठी चहा' करण्याचं.

त्या कोड्याची गोष्टही मी शटरवर लावली होती. १८९५ साली ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बार्बिए नावाच्या सदरकाराने जवळजवळ हीच स्थिती छापली आणि काळा स्टेलमेटच्या युक्तीने बरोबरी सोडवतो असं सांगितलं. फादर सावेद्रा नावाचा तिथे राहणारा स्पॅनिश पाद्री, खेळाडू म्हणून अगदी साधा, त्याने कळवलं की वजिराऐवजी हत्ती घेतला तर पांढरा जिंकतो. त्या एका चालीमुळे आज सव्वाशे वर्षांनंतरही ही स्थिती त्याच्या नावाने ओळखली जाते. मोठमोठे ग्रँडमास्टर हयातभर हजारो चाली खेळतात, आणि हा गृहस्थ एका चालीवर अमर.

अण्णांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "सी म्हणजे उंटाचं घर. तिथे प्यादं गेलं तर उंटच होणार. तुमचा पाद्री हत्ती कुठून आणतो?" त्यांच्या नियमाने कोडंच शिल्लक राहत नाही, उलट पांढऱ्याच्या नाकी नऊ येतील. मी वाद घातला नाही. पाचव्या दिवशी विसर्जनाला जाताना ते शटरसमोर थांबले आणि कोणी बघत नाहीसं पाहून पुठ्ठ्याचा हत्ती सी८ च्या खिळ्यावर टांगून गेले. मी आतून बघत होते.

लीगची गोष्ट काकींपासूनच सुरू झाली. चौथा खेळाडू मिळाला की संघ होतो. पहिल्या पटावर बंदरावरचा एक बोटीचा मेकॅनिक, दुसऱ्यावर मी, तिसऱ्यावर काकी, चौथ्यावर छोटी, राखीव अण्णा. अण्णांनी अट घातली होती की त्यांना देशी नियमांनी खेळू द्यावं. समोरच्या संघांनी नम्रपणे नकार दिला, म्हणून ते कायम राखीव.

चार संघ जमले. आमचा, वरच्या गावातला, शिक्षकांचा आणि खाडीपलीकडचा, गुहागर तालुक्यातला. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्याकडे, एकदा त्यांच्याकडे, म्हणजे सहा फेऱ्या. एक रविवार सोडून एक, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सामन्यात चार पट, सर्वांत बळकट खेळाडू पहिल्यावर आणि तिथून उतरत्या क्रमाने. पाहुण्यांना पहिल्या आणि तिसऱ्या पटावर पांढरी. सामना जिंकला तर संघाला दोन गुण, बरोबरीला एक. प्रत्येकाला अर्धा तास आणि दर चालीला दहा सेकंद वाढीव. पट, मोहरी, चहा आणि कांदेपोहे यजमानांकडे. एवढाच नियमांचा कागद, ए-४ ची एक बाजू, मीच छापला.

यात नवं काही नाही. बाहेर हौशी माणसं असंच खेळतात. जर्मनीत सर्वांत वरच्या बुंडेसलीगात एकेका संघाचे आठ पट असतात. तिथून खाली उतरत उतरत पार जिल्ह्याच्या लीगपर्यंत या. तिथे पोस्टमन, मास्तर, निवृत्त नोकरदार रविवारी शाळेच्या हॉलमध्ये नाहीतर खाणावळीच्या मागच्या खोलीत आपापल्या गावासाठी खेळतात. इंग्लंडमध्ये १९९३ पासून ४एनसीएल नावाची लीग आहे, शनिवार-रविवार जमून खेळतात, त्यात ग्रँडमास्टरही असतात आणि खालच्या विभागांत तुमच्या-माझ्यासारखेही. आणि देशादेशांच्या संघांचं बुद्धिबळ ऑलिंपियाड म्हणजे तरी काय? चार पट आणि एक राखीव. २०२४ च्या सप्टेंबरात बुडापेस्टला आपल्या खुल्या आणि महिला, दोन्ही संघांनी सुवर्ण आणलं ते असंच, चौघाचौघांनी मिळून. खुल्या संघात आपला नाशिकचा विदित गुजराथी होता, महिलांत नागपूरची दिव्या देशमुख. पुढच्या जुलैत दिव्याने बाटुमीला अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. त्यानंतर माझ्या दुकानात तीन आया येऊन विचारून गेल्या : "तुमच्याकडे क्लास आहे का हो?" मी म्हटलं, क्लास नाही, चौथा पट आहे. दोघी हसून गेल्या. तिसरीचा मुलगा आता वरच्या गावाकडून खेळतो.

आमची पहिली फेरी झाली तेव्हा खाली गोव्यात विश्वचषकाचे सामने चालू होते, २०६ खेळाडूंचे. छोटी रात्री फोनवर ते डाव बघायची आणि रविवारी काकींना शिकवायची. काकी ऐकून घ्यायच्या आणि आपल्याला हवं तेच खेळायच्या.

एक सामना मात्र सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. खाडीपलीकडे जायचं म्हणजे दाभोळहून धोपाव्याची फेरीबोट. ती चुकली तर चिपळूणवरून वळसा, म्हणजे रात्र गेलीच. तीन पटांचा निकाल लागला होता. दीड-दीड. राहिली होती छोटी, आणि समोर त्यांचा चौथा पट, बर्फाच्या कारखान्यातले एक काका, पंचावन्नच्या पुढचे. पटावर राजांखेरीज हत्ती आणि प्यादीच उरलेली, छोटीकडे एक प्यादं जास्त. साडेसात वाजले. बोटीच्या शेवटच्या फेरीवर अवलंबून राहायचं नाही हा माझा दंडक, मुलीच्या आईला तसा शब्द दिलेला. त्यांचा कर्णधार म्हणाला, बरोबरी घ्या आणि निघा. छोटीचा चेहरा असा झाला की मी काही बोलूच शकले नाही. तेव्हा ते काकाच उठले. खिशातून प्रवासातला चुंबकी पट काढला, मोहरी जशीच्या तशी मांडली, फोनवर घड्याळ लावलं आणि म्हणाले, "चल पोरी, बोटीत संपवू."

बोटीत दोन ट्रक, काही मोटारी, मासळीचे क्रेट. ट्रकच्या बाजूला, मासळीच्या क्रेटवर पट. वाऱ्याने काकांची टोपी उडाली, ती पकडायला अर्धी बोट धावली, छोटीने मान वर केली नाही. दाभोळच्या जेटीला बोट लागली तेव्हा तिचं प्यादं सहाव्या घरात होतं. गाड्या उतरल्या, पलीकडे जाणाऱ्या चढायला लागल्या. बोट सुटणार तेवढ्यात काकांनी राजा आडवा केला, छोटीशी हात मिळवला आणि त्याच बोटीने एकटे परत गेले, पट काखेत घेऊन. आम्ही अडीच-दीडने जिंकलो. लीगमध्ये शेवटी आमचा तिसरा नंबर आला, चारांत. त्याचा उल्लेख बॅनरवर केला नाही.

आता जिथे फसलो ते.

जागा. समाजमंदिराची चावी मागितली. चावी ज्यांच्याकडे असते त्यांनी सांगितलं, लग्नाचं बुकिंग येऊ शकतं. फेब्रुवारीपर्यंत एकही लग्न तिथे लागलं नाही. आम्ही घरचे सामने माझ्या दुकानात खेळलो, दोन पट काउंटरवर, एक लॅमिनेशनच्या टेबलावर, एक बाहेर पायरीवर. मध्येच माणूस यायचा : "ताई, आधार कार्डाच्या दोन प्रती." माझं घड्याळ चालू, आणि मी प्रती काढतेय. एक डाव मी अशाच प्रतींपायी वेळेवर हरले.

घड्याळं. आमच्याकडे एकही खरं घड्याळ नाही, फोनवरचं ॲप वापरतो. फोन म्हटला की वाजणार. स्पर्धेच्या नियमांत खेळताना फोन वाजला की डाव गेला. इथे घड्याळच वाजतंय! तिसऱ्या फेरीत दोघांच्या मधल्या घड्याळावर काकींच्या सुनेचा फोन आला, बांगडे आणू की सुरमई. डाव कोणाचा गेला म्हणायचा? पंच नव्हतेच. काकींनी "बांगडे" म्हणून फोन ठेवला आणि घड्याळ पुन्हा लावलं.

तेव्हा मंडळींनो, माझ्या मागण्या अशा आहेत आणि तुमच्या खिशाला त्या जड नाहीत. तुमच्या स्पर्धेतल्या पहिल्या तीन चषकांच्या पैशात चार डिजिटल घड्याळं येतात. चषकांची बिलं माझ्याच दुकानात झेरॉक्सला येतात, तेव्हा अंदाजाने बोलत नाही. दर पंधरवड्याला रविवारी दुपारी तीन ते आठ समाजमंदिराची चावी द्या. लग्न आलंच तर आम्ही उठतो, अक्षता टाकतो, जेवून जातो. संघाच्या चार पटांपैकी एकावर चौदा वर्षांखालचं मूल आणि एकावर बाई, हा नियम पहिल्या वर्षापासून ठेवा. नंतर घालायला गेलात की कोणी ऐकत नाही.

मुंबई मंडळांना वेगळं सांगते. तुमचाही एक संघ हवा. तुम्ही दादर, विरार, डोंबिवलीत पांगलेले, दर रविवारी गावाला येणार नाही हे कळतं. तुमचे सामने लिचेसवर ऑनलाइन होऊ द्यात, ते संकेतस्थळ फुकट आहे, जाहिरातीही नाहीत. परतीचे सामने मात्र शिमग्याला आलात की समोरासमोर, पालखी घरोघर फिरून झाली की दुपारी. मोबाइलवर झटपट खेळणारे तुमचे पोरगे पटासमोर अर्धा तास गप्प बसू शकतात का, हे मला एकदा बघायचंय.

कोण विचारील, क्रिकेटचं काय? क्रिकेट राहू द्यात. मीही बघते, माझा नवरा अंडरआर्मचा जुना खेळाडू आहे. पण क्रिकेटचं मैदान वर्षातून जितके दिवस रोलर, चुना आणि लाउडस्पीकर मागतं, त्याच्या पासंगालाही आमची मागणी पुरत नाही. फक्त एक करा. आमचा सामना असेल त्या दिवशी मैदानावरचा भोंगा समाजमंदिराकडे तोंड करून लावू नका. "आणि हा गगनचुंबी षटकार" ऐकत ऐकत मी एकदा वजीर फुकट दिलाय.

कोडी लावणाऱ्यांना दोन गोष्टी. लिचेसवरच्या कोड्यांचा साठा कोणालाही वापरायला मोकळा आहे, परवानगी लागत नाही. पण ती खऱ्या डावांतून काढलेली असतात, पटावर गर्दी फार. तिठ्यावर उभ्या माणसाला वीस मोहरी बघायचं त्राण नसतं. सणाला रचलेली कोडी घ्या, चार-पाच मोहऱ्यांची, आणि उत्तर एका वाक्यात लिहिता येईल अशी. दुसरं, उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळीच लावू नका. दोन दिवस लोकांना भांडू द्यावं. मच्छी मार्केटात त्या भांडणाचा जो फायदा होतो तो कुठल्याही क्लासात होत नाही. बक्षीस म्हणून मी लॅमिनेटेड पट दिला होता. नारळ दिलात तरी चालेल.

यंदा अधिक ज्येष्ठामुळे गणपती लांबलेत, १४ सप्टेंबरला. बैठक घ्यायला वेळ आहे. विसर्जनं आटोपल्यावरचा पहिला रविवार ठरवूया, दुपारी तीन, माझ्या दुकानात. समाजमंदिराची चावी तोवर मिळाली तर तिथे. प्रत्येक मंडळाने एक माणूस पाठवावा. मान्यवर नको, खेळणारा हवा. अण्णा अध्यक्ष असतील, नियमांवर बोलू देणार नाही.

येताना यंदाच्या शटरवरच्या कोड्याचं उत्तर घेऊन या. रिचर्ड रेटी यांनी १९२१ मध्ये रचलेलं आहे. पांढरा राजा एच८, पांढरं प्यादं सी६. काळा राजा ए६, काळं प्यादं एच५. पांढऱ्याची चाल, आणि त्याला बरोबरी सोडवायची आहे. काळं प्यादं धावत सुटलंय आणि पांढरा राजा पार मागे राहिलाय, सरळ त्याच्या मागे पळालात तर कधीच गाठणार नाही. पांढरं प्यादंही काळ्या राजाच्या तोंडाशी आहे. काकींनी सोडवलंय, पण त्या सांगणार नाहीत, मी बजावून ठेवलंय.

आपली,
तिठ्यावरची झेरॉक्सवाली
(दुसरा पट)